नासोलोबाईंचा गुडघाविजय

या पाव्हणं, खुर्ची अशी जवळ ओढा. वाढायला वेळ आहे, तोवर एका मोहिमेची हकीकत सांगतो. लढाई आमच्या घरातली आणि सेनापती माझी बायको. ती काय, चटईवर गुडघे टेकून पाव्हण्यांशी बोलतीय, तीच.

तर मसाका प्रांती, केळबागांचे मुलखात, नवरीची थोरली आत्या म्हणजे आमच्यातली सेंगा, राजमान्य राजश्री नासोलोबाईसाहेब, म्हणजे हीच माझी बायको, बाजाराहून भाड्याचे मोटारसायकलीवर एका अंगाने बसोन, मांडीवर केळ्यांचा घड घेवोन निघाल्या, आणि उतारास बकरी आडवी आली, मग मोटारसायकल एकीकडे, घड दुसरीकडे आणि बाईसाहेब गटारात, ऐसे जाहले. नडगीचे दोन तुकडे. घड शाबूत.

मग डॉक्टर लुबेगा यांनी गुडघ्यातून खाली लोखंडी सळई घालोन हाड सांधिले आणि फर्मान सोडिले की बाई चालतील. बाई चालल्या. बागेत गेल्या, बाजारी गेल्या, काठी उगारोन माझ्यामागे धावल्याही. डॉक्टर हाडाचा फोटो उजेडाला धरून म्हणाला, "बघा सेंगा, कसं जुळलंय! खूश ना?"

"फोटो घेऊन व्याह्यांपुढे जाऊ?" बाईसाहेब कडाडल्या. "गुडघा टेकला की सुरी खुपसल्यागत होतं मेलं. भाचीला मागणी घालायला माणसं येणारेत. त्यांना उभ्यानं रामराम घालू? तुझी आई घालते का उभ्यानं?"

डॉक्टरानं फोटो खाली ठेवला. "हे मी विचारलंच नव्हतं, सेंगा."

"मग आता विचार!"

इकडे घरात फितुरी माजली. सेंगाने गुडघे टेकोन पाहुण्यांचे स्वागत करावे आणि त्यांतून नवरदेव हुडकोन काढावा, ही वहिवाट. न जमल्यास मान दुसरीकडे जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. धाकटी बहीण नांतेझाबाई त्यावर टपोन होती. तोंडात साखर घोळवीत म्हणाली, "अक्का, तू आपली खुर्चीत बस. मी करते सगळं. उगाच पाव्हण्यांपुढं खांबासारखी उभी दिसशील."

त्या रात्री बाईसाहेब जेवल्या नाहीत. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती न जेवल्याचं मी पयल्यांदा बघितलं.

मग डॉक्टराची मसलत घेवोन मोहीम सुरू जाहली. आधी मऊ गादीवर चढाई, मग घडी केल्या घोंगडीवर, आणि शेवटी चटईवर. आम्ही उशीबरदार होवोन हुजुरांचे सेवेस उभे, आणि हुजुरांच्या शिव्या पदरात घेत होतो. "अरे, उशी सरकवतोस की माझा जीव काढतोस?" ऐसे गौरवाचे शब्द रोज प्राप्त होत.

आज तो दिवस उजाडला. पाव्हण्यांची फौज मांडवात दाखल जाहली, आणि बाईसाहेब गोमेसीचा, म्हणजे आमच्याकडल्या पायघोळ झग्याचा, घोळ सावरीत पुढे आल्या, घोळात आतून उशी शिवलेली, आणि टेकले की हो गुडघे! नवरदेव नेमका हुडकला. मग व्याह्यांची ख्यालीखुशाली विचारिली, मग त्यांच्या बागेची, मग गाईंची, मग गाईंच्या वासरांची, आणि शेजाऱ्यांच्या छपराचीही. थोरली उठेतो धाकटीने उठू नये ही रीत, म्हणोन मागे नांतेझाबाईही गुडघे टेकोन कण्हत बसलेल्या. वासरांपर्यंत टिकल्या आणि छपरापाशी कुशीवर कलंडल्या. व्याही म्हणाले, ऐसी अदबीची सेंगा साऱ्या मुलखात नाही.

येणेप्रमाणे दोन धड गुडघ्यांचा एका दुखऱ्या गुडघ्याने मोड केला, सेंगापदाचा मान घरीच राहिला, मोहीम फत्ते जाहली. याची दप्तरी नोंद असावी.

फक्त एक कलम राहिलं, पाव्हणं. अदबीनं नाही बसली ती. तिला उठता येत नाही. डॉक्टरकडं टेकायचं मागितलं, उठायचं मागायचं ध्यानातच आलं नाही. आता मंडळी जेवायला वळलीत आणि ती चटईच्या सुरकुत्या काढल्यासारखं करून माझ्याकडं डोळे वटारतीय. चला, तुम्ही डावीकडून धरा, मी उजवीकडून धरतो. आणि तेवढं हसू नका हो, काठी तिच्या हाताशीच आहे.