साखर मात्र उत्तम

रुग्णालयाच्या संशोधन विभागात मधुमेहावरच्या एका गोळीचा अभ्यास सुरू झाला. पिष्टमय अन्न पोटात लवकर पचूच द्यायचे नाही, म्हणजे साखर रक्तात चढत नाही, असे तिचे काम. न पचलेले अन्न पुढे आतड्यात जाऊन काय करते, यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

रकाने भरायचे काम नोंदणीबाईंकडे होते. एकशे वीस रुग्ण हवे होते, एकशे एकोणीस जमले. शेवटची जागा बाईंनी आपल्या मामांना गळ घालून भरली. मामा निवृत्त शिक्षक, मधुमेह जुना. आई गेल्यावर भाचीला त्यांनीच वाढवले होते. तिला नाही म्हणणे त्यांना कधी जमले नाही.

दुसऱ्याच आठवड्यात पोटांनी आवाज उठवला. एका बसचालकाने गोळी सोडली, कारण प्रवासी थांबा येण्याआधीच उतरू लागले होते. एका गायिकेनेही सोडली. का, ते तिने सांगितले नाही, तबलजीने सांगितले. बाराव्या आठवड्यापर्यंत एक्याऐंशी जण गळाले. बाई बिचकत विभागप्रमुखांकडे गेल्या.

"जे गेले त्यांच्याबरोबर त्यांची तक्रारही गेली," प्रमुख शांतपणे म्हणाले. "जे उरलेत त्यांना विचारा."

उरलेल्या एकोणचाळीस जणांना विचारले. कुणाचीच तक्रार नव्हती. रुग्णांना गोळी शंभर टक्के मानवते, अशी नोंद झाली.

मामा उरलेल्यांत होते. त्यांनी पत्त्यांचा डाव सोडला, वाचनालय सोडले, पंगतीत बसणे सोडले. गोळी सोडली नाही, आणि तक्रारही केली नाही. भाचीचा आकडा कमी झाला असता. तपासणीला आले की एवढेच विचारत, "याने माणूस जास्त जगतो का गं?"

बाईंनी तक्ता उलटासुलटा करून पाहिला. हा प्रश्न कुठेच नव्हता. प्रमुखांनी समजावले की अभ्यास चोवीस आठवड्यांचा आहे, एवढ्यात जगण्यामरण्याचा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल, आणि वर्षानुवर्षे माणसे मोजत बसायला कुणाला सवड आहे?

तेविसाव्या आठवड्यात मामांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. गोळीचा त्यात हात होता का, हे कळायला मार्ग नव्हता. हात नव्हता, हे कळायलाही नव्हता. प्रमुखांनी नोंद सांगितली: 'पुढील तपासणीस गैरहजर.'

बाईंचा हात थबकला. "साहेब, ते माझे मामा होते."

"म्हणूनच म्हणतो, नीट लिहा. त्यांची शेवटची साखर फार सुंदर आहे. ती वाया जायला नको."

बाईंनी लिहिले. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले, म्हणून त्यांना स्वतःचीच किळस वाटली. पुढे अहवालाला परिषदेत टाळ्या मिळाल्या.

मामा गेले त्या आठवड्यात त्यांच्या घरी माणसे भेटायला येत होती. मामांचे शेवटचे महिने कसे गेले, असे कुणीतरी विचारावे, म्हणजे आपल्याला मोकळेपणी रडता येईल, असे बाईंना वाटत होते. शेजारी आले. त्यांनी विचारले, साखर किती होती. बाईंनी आकडा सांगितला.

"अरे वा," शेजारी म्हणाले, "म्हणजे तब्येत उत्तम होती."

मग सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि एकाने हळूच गोळीचे नाव विचारले. हसू नका. मघापासून तुम्हालाही तेच विचारायचे आहे.