बंद केलेला पंप

"शाळेच्या मीटिंगला बाबांनाच पाठव. मॅडम इंग्रजीत बोलतात," चिमणी बूट घालता घालता म्हणाली आणि तिच्या आईच्या काळजात चर्र झालं. शिक्षण सातवीपर्यंतच झालं म्हणून काय लेकीने असं बाजूला सारावं? तिने कंबर कसली. शनिवारपर्यंत निदान उरकलेल्या कामांचं इंग्रजी यायलाच हवं!

मोबाईलवर शिकवणाऱ्या बाई सांगत, काम झालंय आणि ते झालेलं समोर दिसतंय, की 'हॅव' लावा. पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. मग काय, जिथलं काम तिथे चिठ्ठी! नळावर 'आय हॅव फिल्ड द टँक'. पंपाच्या बटणाखाली 'आय हॅव स्विच्ड ऑफ द पंप'. फरशीवरसुद्धा चिकटपट्टीने एक. येता-जाता ती मोठ्याने वाचायची. (चिठ्ठ्या काढायच्याही असतात, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.)

मीटिंगला दोघांनी जायचं ठरलं: आई बोलायला, बाबा सावरायला. शनिवारी बाबांनी डोक्याला साबण लावला आणि नळाने मान टाकली.

"अगं, पाणी!"

"टाकी बघितली नाहीत का आधी?"

"भरलीय म्हणून तूच लिहिलंयस ना!"

"अहो, ते पाठांतर होतं!"

"मग आता पाठांतराने आंघोळ करू?"

तिने पंप चालू केला. पण पाणी माळ्यावरच्या टाकीत चढेपर्यंत थांबायला वेळ कुठे होता? "मी एकटीच जाते," म्हणत तिने चिमणीचं बोट धरलं. चिमणीचा चेहरा एवढासा झाला.

"हॅज शी डन हर होमवर्क?" मॅडमनी विचारलं.

'हॅज' ऐकताच आई माहेरचं माणूस भेटल्यासारखी खुलली. "येस मॅडम! शी हॅज डन हर होमवर्क. आय हॅव चेक्ड इट. आय हॅव पॅक्ड द बॅग." मॅडम मान डोलवत होत्या. चिमणी शेजारच्या मुलीला कोपराने ढोसत होती, "माझी आई!" आता आईला कोण थांबवणार? "आय हॅव वॉश्ड द क्लोद्स. आय हॅव स्विच्ड ऑफ द पंप..."

आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"आई," चिमणी हळूच म्हणाली, "केलास का गं?"

दोघी पळत सुटल्या. "पुढच्या मीटिंगलाही तूच ये हं," चिमणी धापा टाकत म्हणाली. आईला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना.

जिन्यावरून पाणी उतरत होतं. वर बाबा घोटाभर पाण्यात उभे. "कधीचा फुटलेला पाईप शोधतोय! पंप तर बंद आहे, चिठ्ठी आहे ना!"

तेवढ्यात खालच्या काकू एक ओली चिठ्ठी नाचवत वर आल्या. "हे वाहत आमच्या दारात आलं. काय लिहिलंय गं?"

"आय हॅव मॉप्ड द फ्लोअर. म्हणजे... मी फरशी पुसली आहे."

"हो का?" काकूंनी आपल्या हातातलं फडकं तिच्या हातात दिलं. "चल खाली. कुठे पुसलीयस, ते दाखव."