सालोमी मावशीच्या प्लासिडसाठी मिस्सा

पडद्यावरच्या माणसाचं पुढे काय होणार, हे त्या माणसाच्या आधी रॉकीला कळतं, असं रॉकीचं म्हणणं होतं. हे म्हणणं तो आगाशीच्या बाजारात, गोखिवऱ्याच्या कारखान्यात आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंडात चिमटा असतानाही मांडून आला होता!

कारखान्यात तो प्लास्टिकच्या बादल्यांना कड्या बसवायचा. ते पोटासाठी. जन्म झाला होता मतं देण्यासाठी.

"सुपरहिरोला पूल पाहिजे," बादलीला कडी ठोकता ठोकता तो सांगायचा. "पूल तुटला पाहिजे, त्यावर बस लोंबकळली पाहिजे, बसमध्ये शाळेची पोरं पाहिजेत. पुलाशिवाय सुपरहिरो म्हणजे बोंबलाशिवाय कालवण!"

"मग त्या रडक्या मालिका कशाला बघतोस?" कुणीतरी विचारायचं.

"अरे, सुपरहिरो दोन तासांत जग वाचवतो. मालिकेतल्या माणसाला जिना उतरायला आठवडा लागतो. पण अवघड काय आहे? जिना! खाली सासू उभी असते!"

लोक पुढची बादली पुढ्यात ओढायचे.

मालिका तो सालोमी मावशीकडे बघायचा. ही त्याची सख्खी मावशी विधवा, एकटी, आणि तिची प्रार्थना वाडीतली सगळ्यांत जोरदार मानली जायची. परीक्षेला जाणारी पोरं तिच्या घरावरून वाट वाकडी करून जायची. ऑक्टोबरात घरोघरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची तेव्हा पुढे मावशीच. आणि मावशी पुढे असली की रोझरी सव्वाआठच्या आत संपायची. शेवटच्या दहा 'नमो मारिया' तर उताराला लागलेल्या सायकलसारख्या सुटायच्या. लोक म्हणायचे, काय ही भक्ती! ही घाई साडेआठच्या मालिकेची आहे हे फक्त रॉकीला माहीत होतं.

मालिकेतला आदर्श हा मावशीचा जीव की प्राण. करोडपती, पण पोरका. आई सावत्र, भाऊ दुधात विष घालणारा, आणि बायको अशी की ती त्याची बायको नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरीच. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी आदर्शची गाडी कड्यावरून खाली गेली. गाडी तीन बाजूंनी पडली. प्रत्येक वेळी ढग गडगडले.

मावशीने पदर तोंडाला लावला. "रॉकी, गेला का रे?"

"गेला," रॉकी म्हणाला. "तो नट मालिका सोडून गेलाय. पेपरच्या पुरवणीत आलंय. हा आता परत येत नाही!"

"नक्की ना?"

"मावशी, माझं मत कधी चुकलंय?"

पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून झालं.

आता त्या आठवड्यात रॉकीचं नशीब कुठे लटकलं होतं तेही सांगायला हवं. त्याला कॅरलशी लग्न करायचं होतं. कॅरल तयार होती. कॅरलचे वडील बॅप्टिस्टकाका मात्र अडले होते. बॅप्टिस्टकाका चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींचे प्रमुख, आवाज घंटेसारखा, आणि घरात टीव्ही नाही.

"मुलगा दारू पीत नाही, काम करतो, सगळं मान्य," ते म्हणाले होते. "पण डोळे सारखे पडद्यावर! उद्या पाळण्यात पोर रडेल आणि हा म्हणेल, थांब, जाहिरात लागू दे!"

सालोमी मावशीचा शब्द ते मानायचे, म्हणून मावशीने मध्ये पडून बोलणी केली होती. पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ते मावशीकडे येणार आणि हो की नाही ते सांगणार, असं ठरलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी रॉकी आगाशीच्या बाजारात बसमधून उतरला, तो समोर बॅप्टिस्टकाका! त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"रॉकी, प्लासिडचं कळलं रे."

प्लासिड कोण हे रॉकीला माहीत नव्हतं. पण होणारा सासरा दोन्ही हात धरून उभा असताना 'कोण प्लासिड?' म्हणायला छाती लागते.

"हो ना," तो म्हणाला.

"रविवारची मिस्सा त्याच्याच आत्म्यासाठी सांगितलीय सालोमीबाईंनी. त्यांना मुलासारखा होता म्हणे, म्हणजे तुझा भाऊच की!"

"भाऊच."

"तरुण होता?"

"होता. म्हणजे, होता."

बॅप्टिस्टकाकांनी मान हलवली आणि डोळे टिपले. रॉकी मावशीच्या घराकडे असा धावला की वाटेतल्या दोन कोंबड्यांनी पुढचे चार दिवस अंडं दिलं नाही.

मावशीच्या दारात चपलांचा ढीग! आत बायका बसलेल्या, चहा चाललेला, भाजीवाल्या कृष्णाबाईंनी केळ्यांची फणी आणून ठेवलेली. रॉकीने मावशीला स्वयंपाकघरात ओढलं.

"मावशी, प्लासिड कोण?"

"अरे, आपला आदर्श!"

रॉकीने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्यात पाणी नव्हतं, तरी तो प्यायला.

"शुक्रवारी गेला ना तो? त्या दिवशी संत प्लासिडचा सण होता. आदर्शसाठी मिस्सा म्हटलं असतं तर फादरनी विचारलं असतं, कोण आदर्श? म्हणून मी त्याला नाव दिलं. चांगलं दिलं की नाही?"

"मावशी, तो टीव्हीतला माणूस आहे!"

"म्हणून त्याला कुणी नको?" मावशी भडकली. "आई सावत्र, बायको तसली. त्याच्यासाठी प्रार्थना कोण करणार? तो भाऊ? दुधात विष घालणारा?"

"पण या बायकांना सांगितलंस काय?"

"एक अक्षर खोटं बोलले नाही! म्हटलं, मला मुलासारखा होता. रोज साडेआठला घरी यायचा. पैसा होता पण सुख नव्हतं. गाडी कड्यावरून गेली. यातलं खोटं काढून दाखव!"

रॉकीने शोधलं. सापडलं नाही.

"आणि रोज घरी यायचा म्हटल्यावर कुणी विचारलं नाही, आम्हाला कसा दिसला नाही?"

"साडेआठला घराबाहेर बघतंय कोण? जो तो ताटावर!" मावशी म्हणाली.

हेही खरं होतं. साडेआठला वाडीतून हत्ती गेला असता तरी साक्षीदार मिळाला नसता.

"मावशी, बॅप्टिस्टकाकांना कळलं की मी सांगितलं, टीव्हीतला माणूस मेला, आणि तू त्याची मिस्सा सांगितलीस, तर कॅरल गेली म्हणून समज!"

"मग कळू देऊ नको," मावशी म्हणाली आणि चहाचा दुसरा ट्रे घेऊन बाहेर गेली.

रात्री बॅप्टिस्टकाका स्वतः रॉकीच्या घरी आले. फादर मिस्सेत दोन शब्द बोलणार होते, त्यांना माहिती हवी होती.

"कुठे असायचा प्लासिड?"

"कुवेतला," रॉकी म्हणाला. वसईतला माणूस दिसला नाही की तो कुवेतला असतो, हे कुणालाही पटतं. साडेआठला रोज घरी येणारा माणूस कुवेतला कसा, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला, आणि त्याने घाईघाईने जोडलं, "तिथून सुट्टीवर आला होता. मग परत गेला. मग गेला."

"काम काय करायचा?"

इथे रॉकीचं डोकं कोरं झालं. अगदी कोरं! आत फक्त एकच गोष्ट शिल्लक होती. रविवारी सीडीवर पाहिलेला 'चुंबकमानव, भाग दोन'.

"लोखंडाचं काम," तो म्हणाला.

"आणि अपघात कसा झाला?"

"पूल तुटला, काका. शाळेची बस अर्धी बाहेर लोंबकळत होती. प्लासिडने मागून धरली."

"दोरीने?"

"हाताने."

बॅप्टिस्टकाकांनी त्याच्याकडे बघितलं. रॉकीला घाम फुटला.

"लहान बस होती," तो म्हणाला.

"आणि पोरं?"

"सगळी वाचली. तो परत यायला निघाला, आणि येताना गाडी कड्यावरून..."

पुढे त्याला बोलवेना. बॅप्टिस्टकाकांना वाटलं, दुःखाने. त्यांनी रॉकीला छातीशी धरलं. त्यांच्या खिशातलं पेन रॉकीच्या बरगडीत घुसलं, पण त्याने ते घुसू दिलं.

गुरुवारपर्यंत प्लासिड वाडीत सगळ्यांच्या ओळखीचा झाला. बेकरीवाला सॅन्टन म्हणाला, "माझ्याकडचेच पाव न्यायचा. कडक लागायचे त्याला." कृष्णाबाई म्हणाल्या, पोर खाली मान घालून चालायचं. पण सगळ्यांत पुढे गेले ते बॅप्टिस्टकाका. चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून ते लोकांना सांगत होते, "माझ्याकडे गायला होता, लहानपणी. पहिला सूर मी लावून दिला त्याला! बस धरायची ताकद कुठून आली म्हणता? छातीतून! श्वास कसा धरायचा ते कुणी शिकवलं?"

रॉकी हे ऐकत पायरीखाली उभा होता. त्यालाही आता प्लासिडचा चेहरा अंधुक आठवायला लागला होता. तेवढ्यात कॅरलने त्याला कोपराने ढोसलं.

"चुंबकमानव, भाग दोन," ती हळूच म्हणाली.

रॉकी पांढरा पडला. "तू कुठे पाहिलास?"

"सालोमी मावशीकडे. तू कारखान्यात असतोस तेव्हा आम्ही दोघी बघतो. बसमध्ये कुत्रा पण होता ना? कुत्रा का काढलास?"

"जास्त वाटलं असतं."

"आणि बस हाताने धरली ते कमी वाटलं का तुला?" कॅरलला हसू आवरेना. "हे बघ, रविवारी बाबा हो म्हणणार आहेत. म्हणतात, ज्या घरात असा भाऊ होता, त्या घरातला मुलगा वाया जाणार नाही. तोपर्यंत तोंड बंद ठेव. कशावरही मत देऊ नकोस. कशावरही!"

रॉकीने शुक्रवारचा अख्खा दिवस मत न देता काढला. कारखान्यात लोकांना वाटलं, ताप आलाय.

संध्याकाळची रोझरी शेजारीच होती, ती मावशीने सव्वाआठलाच संपवली. लोक अंगणात चणे खात गप्पा मारत उभे, त्यांत बॅप्टिस्टकाका आणि कॅरलही. मावशी घरात येऊन खुर्चीत टेकली, रॉकी तिच्या शेजारी. आदर्श नसलेली मालिका बघायची तिची इच्छा नव्हती, पण सावत्र आईचं वाटोळं होतं का ते बघायचं होतं.

पडद्यावर हॉस्पिटल आलं. खाटेवर एक माणूस, तोंडाला पांढऱ्या पट्ट्या. नर्सने पहिली पट्टी सोडली. ढग गडगडले. दुसरी सोडली. रॉकी अर्धा उठला. तिसरी पट्टी सुटली आणि खालून आदर्श निघाला! तोच नट, तोच भांग, गालावर एक टिकली एवढा ओरखडा!

"प्लासिड!" मावशी किंचाळली. रॉकीने तिला धरायच्या आत ती अंगणात पोचली होती. "प्लासिड जिवंत आहे! अहो, माझा प्लासिड जिवंत आहे!"

चणे खाली पडले. कुणी गुडघे टेकले, कुणी घंटा वाजवायला चर्चकडे पळालं. आणि बॅप्टिस्टकाका सगळ्यांना बाजूला सारत पुढे आले. "कुठे आहे?"

"आत!" मावशी म्हणाली.

रॉकीने टीव्हीवरचा विणलेला रुमाल ओढून पडद्यावर टाकला आणि वर स्वतः पाठ लावून उभा राहिला. बॅप्टिस्टकाका आत आले, मागून कॅरल. तिने शहाणपणाने दार लावून घेतलं.

"मैं लौट आया हूँ!" रॉकीच्या पाठीतून आवाज आला.

"हिंदी बोलतो?" बॅप्टिस्टकाका थबकले.

"कुवेतला सवय लागली," रॉकी म्हणाला.

"अरे, बाजूला हो, बघू दे त्यांना!" मावशीने रॉकीला ढकललं, रुमाल काढला आणि पडद्याच्या गालावरून हात फिरवला. "बघा! हाच! रोज साडेआठला येतो की नाही?"

बॅप्टिस्टकाकांनी टीव्हीकडे बघितलं. मग मावशीकडे. मग रॉकीकडे. रॉकीला वाटलं, आता पूल तुटला, बस लटकली, आणि धरायला कुणी नाही.

"काका, चूक माझी," तो म्हणाला. "मावशीला तो मेला म्हणून मी सांगितलं. बसची गोष्ट पिक्चरमधली. कॅरलचा यात काही..."

"हा माणूस," बॅप्टिस्टकाका एकेक शब्द मोजत म्हणाले, "कधीच नव्हता?"

"नव्हता, काका."

बॅप्टिस्टकाकांनी श्वास घेतला. घंटेसारखा आवाज आता सुटणार! तेवढ्यात बाहेरून सॅन्टन ओरडला, "बॅप्टिस्ट! तुझा शिष्य परत आला म्हणे! आण की बाहेर! तू शिकवलेलं एखादं गाणं म्हणू दे!"

"पहिला सूर तुम्हीच लावून द्या!" दुसरं कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

बॅप्टिस्टकाकांचा घेतलेला श्वास तसाच आत राहिला. त्यांचा चेहरा पाहून रॉकीला एकदम लक्षात आलं, बसमध्ये आपण एकटे नाही.

काका दाराशी गेले, बोटभर फट उघडली आणि म्हणाले, "फोन आला होता! कुवेतहून! वाचला!"

बाहेर जल्लोष झाला. काकांनी दार लावलं, त्याला पाठ टेकली आणि खालच्या आवाजात विचारलं, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"आपल्या तिघांना," रॉकी म्हणाला, "आणि कॅरलला."

"म्हणजे घरातल्या घरात आहे. ते घरातच राहायला हवं."

"पण काका, मी घरातला कुठे आहे?"

हे रॉकीने मुद्दाम म्हटलं नव्हतं. भीतीने तोंडातून निघालं होतं. बॅप्टिस्टकाकांनी आधी रॉकीकडे, मग कॅरलकडे बघितलं. पडद्यावर जाहिरात लागली.

"झालास असं समज," ते शेवटी म्हणाले.

रॉकी खालीच बसला. अंगभर असं गार गार वाटत होतं, जसं कुणी त्याला हाताने धरून वर ओढलं असावं. कॅरलने त्याला पाणी दिलं. या वेळी तांब्यात पाणी होतं.

शनिवारी बॅप्टिस्टकाका फादरना सगळं खरं सांगून आले. पण कुमसाराला, म्हणजे गुप्त पापकबुलीला बसून, जाळीपलीकडून! म्हणजे आता फादरनाही ते कुणाला सांगायची सोय उरली नाही. रविवारी फादर वेदीवरून एवढंच म्हणाले की आजची मिस्सा, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायला कुणी नाही, अशा सर्वांसाठी आहे. हे म्हणताना त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मावशीचं मात्र समाधान झालं.

डिसेंबरात लग्न झालं. वाडी, आगाशी, गोखिवऱ्याचा कारखाना, सगळे आले. जो तो विचारत होता, प्लासिड कुठे आहे?

"सुट्टी मिळाली नाही त्याला," बॅप्टिस्टकाका प्रत्येकाला सांगत होते. आणि कुणी फार खोलात शिरू नये म्हणून त्यांनी नवरा-नवरीच्या हातात भिंतीवरचं एक मोठं घड्याळ ठेवलं. प्लासिडने कुवेतहून पाठवलेलं! फोटोवाल्याने सगळ्यांना जवळ उभं केलं, तेव्हा कुठे काकांचं लक्ष घड्याळाच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे आगाशीच्या दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं होतं.

फोटोत बॅप्टिस्टकाकांचा अंगठा अजून त्या लेबलावर आहे.