मागचा डावा दिवा

मार्लिसबाईंनी गाडीचा मागचा डावा बल्ब स्वतःच्या हातांनी काढला आणि पर्समध्ये टाकला. जन्मात कधी दंड न भरलेल्या बाईला चोरी केल्यासारखं वाटलं. पण इलाज नव्हता. मुलगा आर्डन मिनेसोटातल्या त्यांच्याच काउंटीत पोलीस होता आणि आईला दिसायचा तो फक्त समोरून सुसाट जाणाऱ्या गाडीत.

"मी हात करते तर थांबत का नाहीस रे?" त्यांनी फोनवर विचारलं होतं.

"आई, ड्यूटीवर असतो मी! उगाच कुणाची गाडी अडवता येत नाही, संशयाला काही जागा लागते. तू तर ओसाड रस्त्यावरही सिग्नल देऊन वळतेस!"

बाईंनी ते मनावर घेतलं. संध्याकाळी खिमा आणि बटाट्याच्या गोळ्यांचं हॉटडिश ओव्हनमधून काढलं, निवू नये म्हणून गोधडीत गुंडाळलं, शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलं आणि त्या आर्डनच्या गस्तीच्या रस्त्याला लागल्या. नवरा गेल्यापासून एकटीसाठी हा घाट त्यांनी घातला नव्हता. मुलाला समोर बसून जेवताना बघायला जीव नुसता तळमळत होता.

मागे निळे-तांबडे दिवे लागले. बाईंनी आरशात केस सारखे केले. खिडकीशी आला मात्र नवा भरती झालेला वेस्ली.

"बाई, मागचा दिवा गेलाय तुमचा."

"ठाऊक आहे. आर्डन कुठाय?"

ठाऊक असून गाडी बाहेर काढली? वेस्लीने टॉर्च आत मारला. गोधडीतलं गाठोडं बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दोन पावलं मागे सरून तो वायरलेसवर कुजबुजला, "म्हातारी बाई. पुढच्या सीटवर तान्हं बाळ. हालचाल नाही. सगळ्या गाड्या पाठवा!"

बाईंना सगळं ऐकू आलं. एका वाक्यात खुलासा झाला असता. पण सगळ्या गाड्या म्हणजे आर्डनचीही! त्या तोंड मिटून बसल्या.

दोन गाड्या आल्या, त्यात आर्डन नव्हता. गोधडी उघडली आणि वाफ आली. जेवणाची वेळ, त्यात कडाक्याची थंडी.

"चव बघितल्याशिवाय खात्री कशी देणार?" त्यातला एक दांडगा पोलीस गंभीरपणे म्हणाला.

नाही म्हणणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी चमचे काढले आणि मुलाचं जेवण डोळ्यांदेखत संपताना पाहिलं. नशीब एवढंच, की मिनेसोटात शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. "तुम्ही घ्या." "छे, तुम्ही घ्या." प्रत्येकजण त्याचा अर्धा घेऊन उरलेला सोडत होता.

तेवढ्यात आर्डन धापा टाकत पोचला. "बाळ कुठाय?"

"हे काय, आत्ता आलं," बाई म्हणाल्या.

आर्डनने आईकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं. मग सगळ्यांसमोर त्याने तो सुपारीएवढा तुकडा उचलला आणि कडेचं करपलेलं बोटाने खरवडून खाल्लं. लहानपणी खायचा तसंच. बाईंचे डोळे भरून आले.

बाकीचे पांगल्यावर त्याने घसा खाकरला. "लायसन्स दाखव, आई. नियम आहे."

पर्स उघडताच बल्ब घरंगळत त्याच्या बुटाशी आला. आर्डनने तो उचलला, टॉर्चच्या उजेडात बघितला. चांगला धडधाकट होता.

"हा बसवायला वेळ लागेल," तो हळूच म्हणाला. "रविवारी येतो. जेवायलाच."

रविवारी तो आला, पोटभर जेवला, बल्ब बसवला. "आता काही अडचण नाही ना?" जाताना त्याने विचारलं.

"छे रे, कसली अडचण!" बाई म्हणाल्या.

त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या अंगणात उभ्या राहिल्या. मग मागचा उजवा दिवा कसा निघतो ते वाकून बघू लागल्या.