चौथं प्रुफ

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तपासनीसांनी बायकोच्या लॅपटॉपमधलं सगळं पुसून टाकलं. मुद्दाम नाही. लॅपटॉप फार हळू चालतो अशी बायकोची तक्रार होती, म्हणून ते चहा पिता पिता त्यात डोकावले. कुठली तरी दोन-तीन बटणं दाबली गेली आणि पडद्यावर प्रश्न आला, की सगळं पुसून नव्याने सुरुवात करायची का. तपासनीसांनी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलेलं. दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका काढण्यात हयात गेली, तपासनीस हे नावही तिथेच पडलं. समासात प्रश्नचिन्ह दिसलं की त्याचा निकाल लावल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. त्यांनी 'हो' दाबलं.

पडदा काळा झाला. मग त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली, की या यंत्रात ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही.

"अहो, लॅपटॉप चार्जिंगला लावा हं," आतून बायकोचा आवाज आला. "चारला मुलाखत आहे. मध्येच बंद पडायला नको."

तपासनीसांनी चहाचा कप खाली ठेवला. मुलाखत त्यांच्या चांगली लक्षात होती, फक्त 'हो' दाबताना आठवली नव्हती. गिझर बनवणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहक तक्रार विभागात जागा निघाली होती आणि बायकोने घरात कोणाला न सांगता अर्ज टाकला होता. दोनशे अर्जांतून पाच जणांना बोलावलं, त्यात ही. मुलगी वसतिगृहात गेल्यापासून घर तिला खायला उठायचं. "बावीस वर्षं तुम्ही दोघं मला एकच विचारताय, माझा चष्मा कुठेय आणि माझे मोजे कुठेत," असं ती मुलाखतीचं पत्र आलं त्या दिवशी म्हणाली होती. "आता बाहेरच्या कोणीतरी मला काहीतरी विचारावं असं फार वाटतंय हो." मुलाखत कॉम्प्युटरवरूनच द्यायची, मोबाइल चालणार नाही, असं पत्रात ठळक अक्षरांत छापलं होतं. ते पत्र तपासनीसांनी स्वतः दोनदा वाचलं होतं.

बायको बाहेर आली, तिने काळा पडदा पाहिला आणि नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"काय केलंत?"

"काही नाही. जरा साफसफाई केली. ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकायची, की झालं."

"दुकानात नेऊन द्या ना मग."

"दुकानाची आज सुटी. आणि दुकानदार काय वेगळं करणार आहे? जुन्या कॉम्प्युटरची डिस्क आहे माझ्याकडे, कव्हरसकट. तू तुझी तयारी कर."

डिस्क खरोखरच होती. कपाटातल्या तिसऱ्या फाइलमध्ये, कागदी कव्हरात, एक ओरखडा नाही. तपासनीसांना स्वतःचाच अभिमान वाटला. ती दोन बोटांत धरून ते लॅपटॉपजवळ आले आणि डिस्क घालायची फट शोधू लागले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मागे बघितलं. लॅपटॉप उलटा करून चष्मा कपाळावर चढवून बघितलं. एका बारीक फटीत डिस्कची कड घुसते का तेही करून पाहिलं, तेव्हा ती हवा जाण्याची जाळी निघाली.

शेवटी त्यांनी मेहुण्याला फोन लावला. मेहुणा कामासाठी परगावी निघाला होता, गाडी चालवत होता.

"भाऊजी, त्या लॅपटॉपला डिस्क ड्राइव्ह नाहीच," मेहुणा म्हणाला. "आता कोणी देतच नाही. डिस्क ड्राइव्हवाला एखादा जुना कॉम्प्युटर गाठा, त्यावरून सगळं पेनड्राइव्हवर घ्या. नुसतं उतरवून नाही चालायचं, त्याचा एक प्रोग्रॅम असतो. मग पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करा. आणि हे बघा, पहिल्यांदा रीस्टार्ट झाला की मला फोन करा. तिथे एक गोष्ट सांगायची आहे."

"आत्ताच सांग की."

"आत्ता सांगितलं तर तुम्ही आत्ताच कराल. तेव्हा फोन करा."

डिस्क ड्राइव्हवाला जुना कॉम्प्युटर त्यांच्याच इमारतीत, तळमजल्यावर, दातांच्या डॉक्टरांकडे होता. एक्स-रे साठवायला त्यांनी तो जिवापाड जपला होता. दवाखाना दहाला उघडायचा. तपासनीस पावणेदहापासून दारात उभे होते, तरी दारातल्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना चौथा नंबर दिला.

"मला दातांचं काही नाहीये," तपासनीस म्हणाले.

"इथे येणारे सगळे तसंच म्हणतात. बसा," बाई म्हणाल्या.

सव्वाअकराला आत बोलावणं आलं. डॉक्टर हौशी माणूस. डिस्क बघून त्यांना आनंदच झाला. त्यांनी ती कॉम्प्युटरमध्ये सरकवली, पेनड्राइव्ह खोचला, तो प्रोग्रॅमही त्यांच्याकडे होता. "अर्धा तास लागेल. तोवर बसा ना," ते म्हणाले.

खोलीत बसायला एकच खुर्ची होती. तिच्यात तपासनीस टेकले आणि ती आपोआप आडवी झाली. दिवा डोळ्यांवर आला.

"आ करा बघू. नुसतं बघतो. अर्धा तास करायचं तरी काय?"

त्यांनी आ केला. डॉक्टरांनी आत बघितलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "ही दाढ घेऊन तुम्ही हिंडताय कसे?" त्यांनी विचारलं. तोंडात आरसा असल्यामुळे तपासनीसांना उत्तर देता आलं नाही आणि डॉक्टरांनी ती संमती समजली. पेनड्राइव्ह तयार झाला तेव्हा दाढही बाहेर आलेली होती.

"इंजेक्शन जरा सढळ हाताने दिलंय," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत जीभ जड राहील. तासाभराने कापूस काढून टाका. बोलू नका."

सव्वाबाराला तपासनीस घरी आले. निम्मा चेहरा स्वतःचा वाटत नव्हता, पण खिशात पेनड्राइव्ह होता आणि आता काम फत्ते, असं त्यांना मनापासून वाटलं. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं आणि पडद्यावर शब्द आले, 'भाषा निवडा'. तपासनीसांचे डोळे भरून आले. त्यांनी भाषा निवडली. पुढे करारपत्र आलं आणि खाली 'मी हे वाचले असून मला मान्य आहे' असा चौकोन.

आता, जगातली सगळी माणसं करार न वाचताच या चौकोनावर टिचकी मारतात. तपासनीस त्यांतले नव्हते. छापलेला मजकूर न वाचता मान्य करायचा म्हणजे त्यांच्या लेखी पाप. त्यांनी पेन्सिल घेतली, वही घेतली आणि करारपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. सात चुका निघाल्या, त्या टिपून ठेवल्या. पस्तीस मिनिटं गेली. मग कव्हरावरचा पंचवीस अक्षरांचा क्रमांक एकेक अक्षर मोठ्याने उच्चारायचा प्रयत्न करत टाकला. फायली उतरायला लागल्या.

"झालं का?" बायकोने दारातून विचारलं. तिने ठेवणीतली निळी साडी काढली होती. "आणि तुमच्या तोंडाला काय झालं?"

तपासनीसांनी हाताने खूण केली, की सगळं ठीक आहे, तू जा.

एक वाजून वीस मिनिटांनी 'काम पूर्ण झाले' असं लिहून आलं. लॅपटॉप बंद पडला आणि आपला आपण चालू झाला. हाच तो रीस्टार्ट. तपासनीसांनी कापूस काढून लगबगीने मेहुण्याला फोन लावला.

"बोला भाऊजी."

तपासनीस बोलले. निदान त्यांच्या बाजूने ते बोलले. पलीकडे जे पोचलं ते विहिरीत पडलेल्या माणसाचं बोलणं होतं.

"रेंज गेलीय वाटतं," मेहुणा म्हणाला. "गाडी चालवतोय, पोचलो की करतो." त्याने फोन ठेवला.

बायकोला बोलायला सांगायचं तर तिला सगळं कळणार. तपासनीसांनी फोन खिशात घातला आणि वळून पडद्याकडे बघितलं. पडद्यावर लिहिलं होतं, 'भाषा निवडा'.

दुसरं कोणी असतं तर त्याने इथे काहीतरी बिनसलंय हे ओळखलं असतं. पण तपासनीसांचं सगळं आयुष्य प्रुफांत गेलेलं. पहिलं प्रुफ, दुसरं प्रुफ, मग शेवटचं. एकाच मजकुरावरून तीनदा नजर फिरल्याशिवाय छापायला सोडायचं नाही. यंत्राला एवढी शिस्त आहे हे पाहून त्यांना त्याच्याबद्दल आदरच वाटला. त्यांनी पुन्हा भाषा निवडली. पुन्हा करारपत्र आलं. मघाशी वाचलंय खरं, पण मधल्या वेळात कोणी काही बदललं असेल तर? त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. या खेपेला आठवी चूक सापडली.

अडीच वाजता दुसरं प्रुफ संपलं. यंत्र बंद पडलं, चालू झालं, 'भाषा निवडा' म्हणालं. तपासनीसांनी मान डोलावली आणि तिसरं सुरू केलं. सव्वातीनला बायको पुन्हा येऊन उभी राहिली. केस नीट बसलेत का ते तिने लॅपटॉपच्या कडेने दिसणाऱ्या खिडकीच्या काचेत बघितलं.

"अहो, नक्की होणार ना? नाहीतर त्यांना आत्ताच कळवते. माझं मेलं नशीबच असं आहे."

तपासनीसांनी वहीवर लिहून दाखवलं, 'शेवटचं प्रुफ. वीस मिनिटं.' तिने ते वाचलं, आत गेली आणि आरशासमोर 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते' असं घोकू लागली.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी यंत्र चालू झालं. तपासनीसांनी हात जोडले होते. पडद्यावर अक्षरं आली, 'भाषा निवडा'.

तपासनीसांनी जोडलेले हात सोडले. चौथं प्रुफ त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. छापखान्यात तर पुस्तक छापून, बांधून कधीच बाहेर पडलं असतं. त्यांनी भाषा निवडली नाही. ते खुर्चीवरून उठले आणि भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. बावीस वर्षांत बायकोने पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं आणि तेही त्यांनी दुरुस्त करायला घेऊन घालवलं होतं. आतून तिचा घोकण्याचा आवाज येत होता आणि तो त्यांना ऐकवेना.

चारला पाच मिनिटं असताना बायको बाहेर आली. लॅपटॉपकडे बघितलं, फरशीवरच्या नवऱ्याकडे बघितलं. तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल वाजला.

"मॅडम, मुलाखत मंडळातून बोलतेय," एक बाई म्हणाल्या. "आम्ही तिघं बसलोय, पण तुम्ही पडद्यावर अजून दिसत नाही आहात."

"हो मॅडम. जरा... दोन मिनिटं थांबाल का?" बायकोने मोबाइल टेबलावर ठेवला. बंद करायचं भान तिला राहिलं नाही. ती नवऱ्यासमोर उकिडवी बसली.

"हाझ्याहुळे," तपासनीस म्हणाले, "हाझ्याहुळे गेली तुझी नोकली."

वाचकांच्या सोयीसाठी त्यांचं पुढचं बोलणं इथे शुद्ध करून दिलं आहे. मूळ आवाज फार करुण होता.

"रडू नका," बायको म्हणाली. तिचा आवाज दिवसभर घोकलेलाच निघाला. "मला नीट सांगा, पडद्यावर आत्ता काय दिसतंय?"

"भाषा निवडा. चौथ्यांदा. मी काहीही चुकीचं केलेलं नाही."

"नाहीच केलंत. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा लॅपटॉपला काय काय जोडलेलं होतं?"

"चार्जरची वायर. आणि पेनड्राइव्ह."

"आणि आत्ता?"

"तेच. हात लावला नाही मी. मध्येच काढू नये, बिघडतं. हे यंत्र मला हसतंय. मी याचा करार चार वेळा वाचणार होतो. कोण वाचतं? सांग, कोण वाचतं?"

"कोणी नाही वाचत. तुम्ही वाचलात हे फार चांगलं केलंत. आता आपण एक करून बघू. काम पूर्ण झालं असं त्याने तीनदा सांगितलंय ना? मग झालंच असेल. पण चालू झालं की ते पुन्हा त्या पेनड्राइव्हलाच विचारतंय. तुम्ही पेनड्राइव्ह काढा, मी बटण दाबते."

"काढला आणि सगळं गेलं तर?"

"आणखी काय जायचं राहिलंय? काढा."

तपासनीस उठले आणि त्यांनी डोळे मिटून पेनड्राइव्ह उपसला. बायकोने बटण दाबलं. पडदा काळा झाला, थोडा वेळ तसाच राहिला आणि मग त्यावर निळा रंग पसरला. 'स्वागत आहे' असं लिहून आलं. तपासनीस तोंडातून एक आवाज काढून टेबलावर कोसळले आणि हुंदके देऊ लागले. बायकोने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "झालं हं. आणखी काही अडचण असेल तर सांगा," ती सवयीने म्हणाली. मग तिला मोबाइल आठवला आणि तिने तो झडप घालून उचलला.

"मॅडम, माफ करा, मी आत्ता लगेच पडद्यावर येते..."

"काही गरज नाही," पलीकडच्या बाई म्हणाल्या. मागे दोघं आपसांत बोलत होते, बोलणं खुशीतलं वाटत होतं. "आम्ही सगळं ऐकलं. चार उमेदवारांनी आम्हाला नुसती उत्तरं दिली. तुम्ही प्रात्यक्षिकच करून दाखवलंत. एकदाही आवाज चढवला नाहीत, एकदाही ग्राहकाची चूक काढली नाहीत. सोमवारपासून याल?"

बायकोने पदर सावरला. "येते," ती म्हणाली.

"फक्त एक सांगू का? तो ग्राहक जरा अतीच रंगवला होता. ते बोबडं बोलणं, करार वाचणं, ते हुंदके. असा माणूस खऱ्या आयुष्यात सापडत नाही. पण आमच्या साहेबांचं म्हणणं, नट चांगला आहे. नव्या लोकांच्या प्रशिक्षणासाठी आम्हाला असा माणूस हवाच होता. तुमच्या ओळखीचे आहेत का? येतील का?"

बायकोने टेबलाकडे पाहिलं. तपासनीस उठून बसले होते. गालावर चष्म्याच्या दांडीचा वळ उठला होता आणि ते वही उघडून करारपत्रातल्या चुका ऑपरेटिंग सिस्टीमच्या कंपनीला कुठल्या पत्त्यावर कळवाव्यात याचा विचार करत होते.

"येतील," बायको म्हणाली. "त्यांना तालमीची गरज पडत नाही."