संशयास्पद एकमत

संपादक संगणकाच्या पडद्यावर येऊन बसले तरी डॉक्टरीणबाईंच्या येरझाऱ्या चालूच होत्या. नवऱ्याने खुर्ची पुढे सरकवली तेव्हा त्या टेकल्या, लगेच उठल्या, पंखा कमी करून आल्या आणि पुन्हा वाढवून आल्या. आज लेखाचा निकाल लागायचा होता. तो या अंकात आला, तरच त्यांना विभागप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. नाहीतर ती जागा गेलीच म्हणून समजायचं.

लेखाचा विषय होता घोरणं. त्यावरच्या उपायांचे जगभरात जे काही अभ्यास झाले ते गोळा करायचे, चाळायचे आणि खरा गुण कशाने येतो ते सांगायचं. संपादकांचं नियतकालिक असलेच लेख छापायचं, आणि त्याचा नियम भलता कडक. चाळणी दोघांनी लावायची, तीही एकमेकांना न विचारता. मतं जुळली नाहीत तर तिसऱ्याला विचारायचं. बाई कान-नाक-घशाच्या डॉक्टर आणि नवरा संख्याशास्त्राचा प्राध्यापक, म्हणजे दुसरा माणूस घरातच फुकट मिळाला. त्या दिवसांत दोघांचा अबोला होता, त्यामुळे नियम आपोआपच पाळला गेला.

"तुमची निवड पाहिली," संपादक म्हणाले. "चारशेच्या वर अभ्यास, आणि एकाही ठिकाणी मतभेद नाही! या खुर्चीत माझे केस पिकले, पण असं कधी बघितलं नाही. खरं सांगा, कुणी कुणाचं बघून लिहिलं?"

"अहो, आमचं कशावरच पटत नाही!" बाई उसळल्या.

"कशावरच नाही," नवऱ्याने मान डोलावली.

"हे बघा, परत पटलं."

बाईंना घाम फुटला. संपादकांनी एक नवा अभ्यास वाचून दाखवला. नळी फुंकण्याच्या व्यायामाने घोरणं कमी होतं म्हणे, आणि प्रयोग मोजून सहा जणांवर. "घ्यायचा की वगळायचा? दोघांनी एकदम सांगा."

"वगळायचा!" दोघं एका सुरात म्हणाली.

आता तरी वेगळं बोल, म्हणून बाईंनी टेबलाखालून नवऱ्याला लाथ घातली. दुसरा अभ्यास पहिल्याहून टुकार होता, पण त्यांनी मन घट्ट करून, धडधडीत खोटं, "घ्यायचा" म्हटलं. नवऱ्याला लाथ कळली, पण उलटी.

"ही म्हणते तर घ्यायचा," तो नम्रपणे म्हणाला.

"आज बरी उपरती झाली! घरात ऐकतोस का कधी माझं?" बाईंचा तोल गेला. "रात्री नुसतं कूस बदल म्हटलं तर म्हणतोस, मी जागाच होतो. जागा माणूस घोरतो होय रे?"

"मी घोरत नाही."

"भिंती हादरतात!"

"पुरावा?"

"रोज ऐकते मी, तो काय मग?"

"अगं, एकटीचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. लेखात आपणच लिहिलंय."

संपादकांचा चेहरा खुलला. "झालं माझं समाधान. तुम्ही दोघं अगदी स्वतंत्र आहात."

बाईंचा जीव भांड्यात पडतोय तोच ते थबकले. "पण थांबा. लेखक स्वतः घोरत असेल तर ते जाहीर करावं लागतं. नाहीतर लोक म्हणतील, स्वतःच्या सोयीचे उपाय निवडले. तेवढं एकमताने सांगून टाका."

आता एकमत हवं होतं, तर ते काही केल्या होईना.

"हो म्हण ना रे, माझ्या बढतीचा प्रश्न आहे!"

"तुझ्या बढतीसाठी मी घोरू?"

"मतभेद झाला," संपादक म्हणाले. "नियम ठाऊक आहे ना? तिसरं कुणी आहे का घरात?"

"आई!" नवऱ्याने जोरात हाक मारली. बाईंचा चेहरा उतरला. सासूबाई आजवर लेकाविरुद्ध एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

सासूबाई चष्मा पुसत आल्या. त्यांनी प्रश्न ऐकला. "घोरतो की. बापावर गेलाय."

त्यांच्या गळ्यात पडावं असं बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"आणि हीसुद्धा घोरते," सासूबाई म्हणाल्या. "हा थांबला की ही सुरू, ही थांबली की हा. एकदम कधी नाही. शेजारच्या खोलीत मी असते, तुम्हाला काय त्याचं!"

बाईंना कुठे बघावं कळेना. संपादक मात्र खुशीत लिहून घेत होते. "दोन्ही लेखक घोरतात. स्वतंत्रपणे. उत्तम! लेख या अंकात घेतो."

प्राध्यापक अस्वस्थ झाला. "एक मिनिट, सर. आळीपाळीने म्हणजे स्वतंत्र नव्हे. संख्याशास्त्रात असं आहे, की एकाचं थांबणं जर दुसऱ्याच्या..."

"आमचं एकमत आहे, सर," बाई म्हणाल्या. त्यांचा हात नवऱ्याच्या तोंडावर घट्ट होता.