दोन होड्यांची ओटी

पिकअपचा हौदा आखूड आणि कायाक लांब, त्यामुळे दोन्ही कायाकची शेपटं मागे फाळक्याबाहेर राहणार, हे मितेशने आधीच धरलं होतं. कायाक म्हणजे एका माणसाने पाय पसरून बसायची प्लास्टिकची अरुंद होडी. ती गाडीत सुरक्षित कशी बांधावी, याचे एका परदेशी दाढीवाल्याचे व्हिडिओ त्याने इतक्यांदा पाहिले होते, की झोपेतही तो पट्टे आवळायचा. त्याच्या बायकोने, कोमलने, दोनदा आपली उशी सोडवून घेतली होती.

"खाली फोम, भावजी," रविवारी सकाळी पनवेलच्या आपल्या अंगणात तो सांगत होता. "त्यावर कायाक उपडी. मग दोन आडवे पट्टे. नाकाला दोरी वेगळी."

पिकअप जगनची. जगन म्हणजे मितेशच्या बहिणीचा नवरा. त्याने या गाडीतून हळदीचे डीजे नेले होते, मांडवाच्या खुर्च्या नेल्या होत्या, त्याही खुर्च्यांवर बसलेल्या वऱ्हाडासकट, आणि यातलं काहीही कधी बांधलं नव्हतं.

"म्हैस नेलेली मी," तो म्हणाला. "कुठं पट्टा होता? म्हैस अजून हाय."

"म्हैस स्वतः धरून उभी राहते."

"ते जाऊदे. पण उपडी होडी मी नाय नेणार. रस्त्यात लोक विचारतील, कोण बुडालं?"

मितेशची आई भामा ओट्यावरून म्हणाली, "बरोबर बोलतंय तो. उपडी नाय न्यायची."

मितेशने मनातल्या मनात दाढीवाल्याची माफी मागितली आणि कायाक सुलट्या ठेवल्या. वाद घालायला वेळ नव्हता. सकाळी दहाच्या भरतीला उरणजवळच्या करंज्याच्या धक्क्यावर खारघरच्या एका सोसायटीची मंडळी येणार होती. त्यांच्या म्होरक्या अरुंधतीमॅडम खूश झाल्या, तर दर रविवारची गिऱ्हाइकं पक्की. नाही झाल्या, तर सोमवारी न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात नोकरीला हजर व्हायचं. ती नोकरी त्याच्या सासऱ्यांनी, काशीराममामांनी, ओळखीने लावून दिली होती. मामांचा सगळा जन्म करंज्याला मच्छीमारीत गेला होता, आणि कायाकला ते टोपली म्हणत. "टोपलीत बसून कोणाचं घर चाललं नाय," एवढंच त्यांचं मत होतं, आणि त्यात बदल होईल असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नसे.

सगळं बांधून झालं. मितेशने पट्टे ओढून पाहिले, कायाक हलवून पाहिली, गाडीच हलली. मग त्याच्या लक्षात आलं की मागच्या गाड्यांना दिसावं म्हणून बाहेर आलेल्या शेपटांना लावायचं लाल फडकं राहिलं.

"आई, एखादं लाल कापड आहे का गं?"

भामा याच क्षणाची वाट बघत होती. नवी होडी म्हणजे घरात आलेली नवी सून, तिला हळदकुंकू लावल्याशिवाय आणि तिची ओटी भरल्याशिवाय ती पाण्यावर जात नाही, हे ती आठवडाभर सांगत होती. प्लास्टिकवरचा कुंकवाचा डाग निघत नाही म्हणून मितेशने नकार दिला होता. आता ती आत गेली आणि लाल खण घेऊन आली. त्यात नारळ आणि तांदूळ बांधलेले होते. तिने तो स्वतःच्या हाताने एका शेपटाला बांधला.

"नारळ कशाला?"

"नुसता खण वाऱ्यानं उडंल. तूच सांगतोस ना, सगळं घट्ट पायजे."

मितेशने गाठ ओढून पाहिली. घट्ट होती.

उरणच्या रस्त्याला पहिल्याच गावच्या नाक्यावर गतिरोधक होता. जगनने गाडी हळू केली. तिथे पाटी घेऊन मासळी विकायला बसलेल्या रंभामावशीने आधी लाल खण पाहिला, मग त्यातली गाठ पाहिली, आणि उठून सरळ गाडीसमोर उभी राहिली.

"नवीन होडी? कुणाची?"

"काशीरामची," जगन म्हणाला. करंज्याच्या वाटेवर हे नाव सांगितलं की रस्ता मोकळा होतो, असा त्याचा अनुभव होता.

"मग एकीचीच ओटी भरलीय ती? दुसरी काय सावत्र?"

"मावशी, आम्हाला भरती गाठायची आहे," मितेश म्हणाला.

"भरती रोज येते रे. होडी नवी एकदाच असते."

समोरच्या दुकानातून नारळ आला, खण आला. शेपटाला जागा नव्हती म्हणून मावशीने ओटी कायाकच्या बसायच्या खळग्यात ठेवली. सुलट्या कायाकचा हा तोटा दाढीवाल्याने सांगितला नव्हता. मग शेजारच्या तिघी आल्या. एकीने पट्ट्याला फुलं खोचता यावीत म्हणून तो जरा सैल केला. मितेशने तो परत आवळला. दुसरीने परत सैल केला.

एवढ्यावर भागलं असतं. पण मावशीची बहीण पुढच्या गावात दिली होती आणि मावशीकडे फोन होता. आता गावाचा हिशेब असा असतो: मागच्या गावाने एकेक नारळ ठेवला, तर आपण एकेक ठेवून कसं चालेल? उद्या लग्नात तोंड दाखवायचंय. दुसऱ्या गावाने दोनदोन ठेवले आणि हार घातले. तिसऱ्या गावात आदल्या दिवशीच्या हळदीतला बँजोवाल्यांचा ताफा जेवायला थांबला होता. त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि थांबवलंही नाही. ते गाडीपुढे वाजवत चालू लागले. त्यांच्यापुढे बायका नाचू लागल्या. मागे न्हावा शेव्याचे ट्रेलर एकामागे एक लागले. त्यांचे हॉर्न बँजोच्या तालात बसत होते, हे जगनने कौतुकाने दाखवून दिलं.

"भावजी, पाणी उतरायला लागलं असेल," मितेश म्हणाला.

"जोरात हाकली तर नारळ पडतील. मग म्हणशील नीट बांधलं नाय."

पुढच्या चौकात हवालदाराने हात केला. मितेशला आयुष्यात पहिल्यांदा पोलीस बघून बरं वाटलं. निदान हा माणूस मिरवणूक मोडेल. हवालदाराने मागे जाऊन पट्टे ओढून पाहिले, फोम दाबून पाहिला.

"कोणी बांधलं?"

"मी, साहेब."

"एक नंबर बांधलंय. असं कोण बांधत नाही."

सकाळपासून हे ऐकायला मितेशचे कान आसुसले होते. "मग जाऊ?"

"थांबा ना. माझी बायको करंज्याची आहे. होडी अशीच सोडली म्हणून कळलं, तर घरी जेवायला मिळणार नाही." त्याने टोपी काखेत घेतली आणि हौद्यात नजर टाकली. "यातलाच एक नारळ द्या. मी परत ठेवतो."

करंज्याला पोहोचले तेव्हा धक्क्याखाली पाणी नव्हतं, चिखल होता. त्यात एक बगळा आरामात चालत होता. खारघरची मंडळी टोप्या घालून, तोंडाला पांढरी क्रीम फासून, कठड्यावर ओळीने बसली होती. काशीराममामा बाजूला जाळं विणत होते.

"आल्या टोपल्या?" त्यांनी मान वर न करता विचारलं. मग बँजो ऐकू आला म्हणून मान वर केली.

कायाक दिसत नव्हत्या. दिसत होते हार, खण आणि नारळ. मामा उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. कुठल्या गावाने किती मान दिला, हे त्यांना बायकांकडून सविस्तर कळलं. त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

"मामा, भरती गेली," मितेश हळूच म्हणाला. "उद्या मी यार्डात—"

"गप रे. माझ्या नावानं तीन गावांनी ओटी भरलीय." मग खारघरच्या मंडळींकडे वळून, "चपला काढा सगळ्यांनी."

मंडळींनी चपला काढल्या.

"पाणी कधी येईल?" अरुंधतीमॅडमनी विचारलं.

"येईल. आधी जेवून घ्या. नारळ लय झालेत."

नारळाच्या रसातलं कालवण खाऊन मंडळी सुस्तावली. संध्याकाळी पाणी चढलं, तसे मामा कोणाला न विचारता कायाकमध्ये बसले. नव्या होडीतून पहिलं पाणी घरच्या वडीलधाऱ्याने घ्यायचं असतं, असं ते म्हणाले. ते पहिलं पाणी फार वेळ चाललं. मामा खाडीच्या तोंडाशी गेले, वळले, परत गेले. एकदा वल्हं वर करून त्यांनी काठाला दाखवलं. परत आले तेव्हा त्यांच्या पायांशी उडी मारून आत पडलेले दोन बोय मासे तडफडत होते आणि चेहरा तरुण दिसत होता.

अरुंधतीमॅडमही एक फेरी मारून आल्या. "काका, दर रविवारी येऊ आम्ही. फक्त तुम्ही हवेत. आणि तो बँजो."

मितेशने आदल्या दिवशीच माहेरी आलेल्या कोमलकडे पाहिलं. जिंकलो, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. मामांनी त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवला.

"जावयबापू, तुमी उद्या यार्डात हजर व्हा. होड्यांचं मी बघतो. जगन गाडी आणंल. ही काय नोकरीवाल्या माणसाची कामं हायत?"

सोमवारी यार्डातल्या साहेबाने विचारलं, काही अनुभव आहे का. मितेशने कायाक बांधल्याचं सांगितलं. साहेबाने त्याला फाटकावर उभं केलं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रेलरवरचा माल नीट आवळला आहे का, हे बघायचं काम. पहिलाच ट्रेलर लांब लोखंडी पाइपांचा होता. पट्टे घट्ट होते, गाठी बरोबर होत्या, मागे लाल फडकं होतं.

मितेश फडक्यापाशी गेला, ते बोटाने चाचपलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "यात नारळ नाही ना?"